सव्वीस आठवड्यांनंतरची वाटी

डोंबिवलीत पहाटे साडेपाचपासून एकेका घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागतात. डबे भरायचे, नळाचे पाणी भरून ठेवायचे आणि ठरलेली गाडी पकडायची, हा इथल्या घरांचा नेम. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या घरांचा स्वयंपाक हळूहळू गाडीच्या वेळापत्रकाला बांधला गेला. डोंबिवली ते सीएसएमटी हे रेल्वेचे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. नोकरीची वेळ आणि प्रवास धरला, तर सकाळी आठला बाहेर पडलेली आई संध्याकाळी सात-साडेसातला घरात पाऊल टाकते.

या घरात सहा महिन्यांचे बाळ असेल, तर एक अवघड योग जुळून येतो. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर संघटित क्षेत्रातल्या आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे बाळ चार ते सहा महिन्यांचे होते आणि रजा संपते. नेमक्या याच सुमारास, सहा महिने पूर्ण झाले की, बाळाला आईच्या दुधाच्या जोडीने वरचे अन्न सुरू करायचे असते. ज्या आठवड्यात मामाच्या मांडीवर उष्टावण होते, त्याच्या मागेपुढेच आई पुन्हा गाडीच्या गर्दीत उभी असते. घरकाम करणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, पाळणाघर चालवणाऱ्या बायकांना तर एवढीही रजा नसते.

त्यामुळे बाळाच्या आयुष्यातली पहिली जेवणे बहुतेक वेळा आजी, पाळणाघरातल्या ताई किंवा सांभाळायला येणाऱ्या मावशी भरवतात. आई सकाळी घाईत काहीतरी करून ठेवते. ते काहीतरी पातळ असते, गोड असते किंवा डब्यातले असते. या सवयींत पैशांची कमतरता फारशी आडवी येत नाही. घरात तांदूळ, डाळ, तूप, नाचणी, शेंगदाण्याचा कूट सगळे असते. अडचण असते ती वेळेची, आणि कुठला पदार्थ किती घट्ट, किती वेळा आणि किती ताजा द्यायचा याच्या माहितीची.

दीड वर्षांची खिडकी

सहा महिने ते दोन वर्षे हा काळ बाळाच्या वाढीत सर्वांत नाजूक. पहिल्या वाढदिवसापर्यंत वजन जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचतो. या काळात उंची खुंटली तर ती पुढे पूर्णपणे भरून काढणे कठीण जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या जवळजवळ ६९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. दहापैकी सात मुले. एवढी मोठी संख्या केवळ आदिवासी पाड्यांवरची किंवा झोपडपट्टीतली असू शकत नाही. त्यात चांगल्या सोसायट्यांतली, सायकल आणि खेळण्यांनी घर भरलेली मुलेही आहेत.

रक्त कमी का होते? बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येते. पूर्ण दिवसांच्या बाळाला हा साठा साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडे असते, पण ते चांगले शोषले जाते. सहा महिन्यांनंतर बाळाची वाढ इतक्या वेगाने होते की तेवढे पुरत नाही आणि उरलेले लोह अन्नातूनच यावे लागते. त्या वेळी वाटीत पातळ पेज आणि बिस्किटाचा चुरा असेल तर साठा संपतो. बाळ चिडचिडे होते, भूक मंदावते, वारंवार आजारी पडते. लोहाची कमतरता मेंदूच्या घडणीतही अडथळा आणते, म्हणून तिची वेळेवर दखल घ्यायला हवी.

वरणाच्या पाण्याचा हिशेब

अनेक घरांत पहिले अन्न म्हणून वरणाचे वरचे पाणी देतात. ‘पचायला हलके’ हा त्यामागचा विचार. तो मायेचा आहे, पण हिशेबात बसत नाही.

बाळाच्या जठरात दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर अन्न मावते. आठ किलोच्या बाळाचे पोट २४० मिलिलिटरमध्ये, म्हणजे मध्यम आकाराच्या सुमारे दीड वाटीत भरते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि एक ते दोन वर्षांत ५५०.

आता एक वाटी वरणाचे पाणी घेऊ. त्यात चहाच्या एका चमच्याएवढी डाळ उतरली असे उदारपणे धरले, तरी १५-२० कॅलरी होतात. २०० कॅलरींसाठी अशा दहा वाट्या प्याव्या लागतील. बाळ एका वाटीतच तृप्त होऊन तोंड फिरवते. घरच्यांना वाटते, पोट भरले. पोट भरलेले असते, पण पाण्याने.

याउलट २० ग्रॅम तांदूळ, १० ग्रॅम मुगाची डाळ आणि चहाचा एक चमचा साजूक तूप घेऊन वाटीभर घट्टसर खिमट केले, तर त्यातून १४५ च्या आसपास कॅलरी मिळतात. म्हणजे सहा-सात महिन्यांच्या बाळाची दिवसाची गरज दीड वाटीच्या आतच भागते. तीही दोन-तीन वेळांत विभागून.

वाटीतले अन्न योग्य आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. चमचा तिरका केला की अन्न पाण्यासारखे ओघळू नये, हळूच सरकावे. पेल्यातून पिता येईल इतके पातळ असेल तर ते बाळाचे जेवण नव्हे.

खिमट हा शब्द आजच्या तरुण आईवडिलांना कदाचित आजीकडूनच ऐकायला मिळेल. तांदूळ दोन भाग आणि मुगाची डाळ एक भाग धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून, थोडे जिरे घालून रवाळ दळायचे, की खिमटाची भरड तयार. दोन मोठे चमचे भरड पाण्यात कालवून आठ-दहा मिनिटे शिजवली की बाळाचे जेवण होते. तांदळातल्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत जे कमी, ते तांदळात. दोन्ही एकत्र आले की प्रथिनांचा दर्जा वाढतो. मेतकूट, तूप आणि गुरगुट्या भात यामागेही हेच शास्त्र आहे. फक्त बाजारातल्या मेतकुटात तिखट-मीठ असते, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळासाठी ते घरी, तिखट-मिठाशिवाय करावे.

मोडांची करामत

घट्ट अन्नाची एक अडचण असते. पिठाची लापशी शिजताना त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि ती चिकट होते. बाळाला गिळता येईना म्हणून आई आणखी पाणी घालते आणि पुन्हा तेच पातळ पाणी वाटीत येते.

यावर उत्तर आपल्या परंपरेत आहे: मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते, त्यामुळे पीठ जास्त घातले तरी लापशी फार चिकट होत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात यावर अभ्यास केला आणि मोडाच्या पिठाचा छोटा चमचासुद्धा घट्ट लापशी कशी सैल करतो ते दाखवून दिले.

घरी करायचे ते असे. नाचणी धुऊन रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात बांधून मोड आणावेत, उन्हात कडक वाळवावी, मंद भाजून दळावी. दळताना जळका वास येईल इतकी भाजू नये, नाहीतर विकर निकामी होते. घट्ट लापशी किंवा खिमट शिजले की गॅस बंद करून मिनिटभर थांबावे, चमचाभर मोडाचे पीठ घालून ढवळावे. दोन-तीन मिनिटांत ते सैल होईल. मग पुन्हा एक उकळी आणावी, म्हणजे पिठातले जंतूही मरतात.

सत्त्वाचा दुसरा प्रकारही प्रचलित आहे. भिजवलेली नाचणी वाटून, फडक्याने गाळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवतात. तो पचायला सोपा असतो, पण त्यात मुख्यतः स्टार्च उरतो आणि नाचणीचा खरा ऐवज चोथ्याबरोबर जातो. अख्ख्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते हवे असेल तर मोडाचे पीठ बारीक चाळणीने चाळून वापरावे, साका काढू नये.

एकाच कुकरमध्ये

बाळासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागतो, या समजुतीने बरेच बिघडते. सकाळचा कुकर लागतोच. खालच्या भांड्यात वरण, वरच्या भांड्यात भात. त्यावर एक छोटी स्टीलची वाटी ठेवावी. तीत लाल भोपळ्याची फोड, गाजर, बटाटा, मटार किंवा पालकाची चार पाने, जे घरात असेल ते. कुकर उघडला की फोडणी आणि मीठ-तिखट घालण्याआधी बाळाचा वाटा काढून घ्यावा. दोन भाग भात, एक भाग घट्ट वरण, एक भाग भाजी, एक चमचा तूप किंवा तेल. चमच्याच्या पाठीने कुस्करले की झाले. मिक्सरमधून गुळगुळीत करायची गरज नाही. आठव्या-नवव्या महिन्यापासून मऊ गुठळ्या राहू द्याव्यात, म्हणजे बाळ चावायला शिकते. वर्षाच्या बाळाने घरातल्या सगळ्यांचेच जेवण, कमी तिखट करून खावे: वरणात भिजवलेली पोळी, मऊ उपमा, थालीपीठ, इडली, धिरडे.

लोहासाठी डाळी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, बाजरी यांचा उपयोग होतो, पण वनस्पतींतले लोह सहज शोषले जात नाही. त्यावर लिंबाचे चार थेंब पिळले किंवा जेवणानंतर संत्रे, पेरू, टोमॅटो यांपैकी काही दिले, तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. चहा याच्या नेमका उलट वागतो. बिस्कीट चहात बुडवून बाळाला भरवायची सवय म्हणूनच मोडायला हवी.

ज्यांच्या घरात चालते त्यांनी अंडे सहा महिन्यांनंतर केव्हाही सुरू करावे, पिवळे आणि पांढरे दोन्ही, पूर्ण शिजवून. आगरी-कोळी घरांत ताज्या माशाचा काटा काढलेला तुकडा बाळाच्या भातात कुस्करतात. ही पद्धत उत्तम. कोंबडीची शिजवलेली काळजी आठवड्यातून एकदा, चमचाभर दिली तर लोह आणि ‘अ’ जीवनसत्त्व दोन्ही मिळतात.

शेंगदाण्याबद्दल एक भीती आता मागे पडली आहे. पूर्वी ॲलर्जीच्या धास्तीने तो उशिरा द्यायला सांगत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा दिला तेव्हा पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी झाली. मराठी घरात कूट असतोच. तो बारीक करून अर्धा चमचा खिमटात घालावा. कुबट वासाचे, बुरशी आलेले दाणे मात्र टाकून द्यावेत. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि अख्खा शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष हे चार-पाच वर्षांच्या आत कधीही देऊ नये. ते श्वासनलिकेत अडकून जीवावर बेतते.

पहिल्या वर्षात मीठ घालू नये. दोन वर्षांपर्यंत साखर आणि गूळ टाळावेत. गूळ नैसर्गिक असला तरी बाळाच्या जिभेला तो साखरेसारखाच गोडाची चटक लावतो. मध वर्षाच्या आत चाटवूसुद्धा नये. त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराचे बीजाणू असू शकतात. गायी-म्हशीचे दूध अन्नात थोडे घातले तर चालते, पण वर्षाच्या आत तेच मुख्य अन्न करू नये. वर्षानंतरही दिवसाला दोन कपांपुढे जाऊ नये. दुधाने पोट भरलेले मूल जेवत नाही आणि दुधात लोह जवळजवळ नसते.

सहाचा भात, एकची भूक

गाडी पकडणाऱ्या घरांचा खरा प्रश्न पुढेच आहे. सकाळी सहाला शिजलेले अन्न बाळ दुपारी एकला खाते. मे महिन्यात डोंबिवलीच्या ओट्यावर हे सात तास फार होतात.

भाताचे उदाहरण घेऊ. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. शिजवण्याच्या उष्णतेतही ते जगतात. भात कोमट होत ओट्यावर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यांतले उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून ‘देताना गरम करून द्या’ ही सूचना पुरेशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

यातून मार्ग तीन.

पहिला, आणि सर्वांत चांगला: शिजवलेले अन्न न देता खिमटाची कोरडी भरड डब्यात द्यावी. आजी किंवा पाळणाघरातल्या ताई दहा मिनिटांत ती ताजी शिजवू शकतात. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ती दोन आठवडे सहज टिकते. पावसाळ्यात थोडीच करावी.

दुसरा, फ्रिज. अन्न पसरट भांड्यात काढून लवकर निववावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. देताना हवे तेवढेच काढून वाफा येईपर्यंत गरम करावे आणि मग कोमट करून भरवावे. एकदा गरम केलेले आणि बाळाचा उष्टा चमचा लागलेले अन्न पुन्हा ठेवू नये. वीज बराच वेळ गेली असेल तर मोह सोडून नवे शिजवावे.

तिसरा, थर्मास. तो आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटे भरून ठेवावा, पाणी ओतून लगेच वाफाळते अन्न काठोकाठ भरावे. अन्न ६० अंशांच्या वर राहिले तर जंतू वाढत नाहीत. उघडल्यावर वाफ आली नाही, अन्न नुसते कोमट लागले, तर ते बाळाला देऊ नये. कोमट थर्मास म्हणजे जंतूंसाठी उबदार घरच.

डोंबिवली किंवा ठाणे स्थानकाबाहेर निवडलेली, चिरलेली भाजी आणि मोड आलेली कडधान्ये मिळतात. संध्याकाळी थकून उतरणाऱ्या बाईचा त्यांनी मोठा भार हलका केला आहे. घरच्यांसाठी ती आणावीत, धुऊन पूर्ण शिजवून वापरावीत. बाळाच्या वाटीसाठी मात्र एक अख्खे गाजर किंवा भोपळ्याची फोड वेगळी आणावी. चिरून तासन्‌तास राहिलेल्या भाजीतले ‘क’ जीवनसत्त्व घटते आणि ती कुठल्या पाण्याने, कुठल्या हातांनी हाताळली हे ठाऊक नसते. कच्चे मोड बाळाला देऊ नयेत.

पिण्याचे पाणी उकळून झाकून ठेवावे. भरवण्याआधी भरवणाऱ्याचे आणि बाळाचे हात साबणाने धुवावेत. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडले वापरावे. बाटलीच्या बुचात आणि निपलमध्ये राहिलेले दूध ब्रशने निघाले असे वाटते, पण तिथूनच जुलाब सुरू होतात.

आईचे दूध थांबत नाही

कामावर रुजू झाले म्हणजे अंगावरचे दूध बंद, असे मानू नये. वर्षाच्या आत बाळाची निम्मी किंवा त्याहून अधिक ऊर्जा आईच्या दुधातून येऊ शकते आणि दुसऱ्या वर्षात सुमारे एक तृतीयांश. सकाळी निघण्याआधी, आल्या आल्या आणि रात्री पाजले तरी दूध टिकते. मधल्या वेळेसाठी हाताने किंवा पंपाने काढलेले दूध स्वच्छ, उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवता येते. थंड खोलीत ते चार तासांपर्यंत चांगले राहते. इथल्या उन्हाळ्यात मात्र थेट फ्रिजच्या आतल्या भागात ठेवावे आणि दोन दिवसांत वापरावे. गॅसवर उकळू नये, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करावे.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, असे कायदा सांगतो. पण सकाळच्या जलद गाडीत सहा महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन कल्याणहून दादरला जाणे कुणाला शक्य आहे? म्हणून इथल्या आईला कार्यालयातल्या पाळणाघरापेक्षा दूध काढायला एक आडोशाची खोली आणि पंधरा मिनिटांची मोकळीक जास्त उपयोगाची ठरते. ती मागायला संकोच करू नये.

भरवणारे हात

बाळ दिवसभर ज्यांच्याजवळ असते त्यांच्याशी बोलल्याशिवाय यातले काहीच होणार नाही. सासूबाईंना ‘तुमचे चुकते’ म्हटले की संवाद संपतो. ‘आई, तुम्ही ह्यांना खिमट कसे करून घालायचात?’ असे विचारले की तो सुरू होतो. पाळणाघरात एक साधी चिठ्ठी द्यावी: किती वाजता, किती वाटी, किती घट्ट. सहा-आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन चमच्यांपासून वाढवत पाऊण वाटीपर्यंत. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चारदा. वर्षानंतर तीन-चारदा सव्वा ते दीड वाटी आणि मध्ये एक-दोनदा केळे, उकडलेले रताळे, दही असे काही.

वडिलांनीही यात उतरायला हवे. पोळी-भाजी केंद्रातून चार पोळ्या आणणे हा त्यांचा वाटा असेल, तर वाचलेल्या अर्ध्या तासात बाळाला भरवणे हाही त्यांचाच असू शकतो. मोबाइल दाखवून तोंडात घास कोंबू नये. बाळ काय खाते आहे, पोट भरले का, हे त्याला कळले पाहिजे. त्याच्याकडे पाहून, बोलत, थांबत भरवावे. तोंड फिरवले तर थांबावे. नवा पदार्थ आठ-दहा वेळा समोर आल्यावर मगच अनेक बाळे तो स्वीकारतात.

आणि तो दुकानातला डबा? शिशुआहाराच्या जाहिरातींवर १९९२ चा कायदा आणि २००३ ची त्याची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी बंदी आहे. तरीही सोय म्हणून डबा घरात येतो. २०२४ मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या शिशुआहारात युरोपात नसलेली साखर भारतात असल्याचे उघड झाले आणि बरीच चर्चा झाली. प्रवासात एखाद्या दिवशी डबा वापरला तर आभाळ कोसळत नाही. पण लेबल वाचावे, साखर कितव्या क्रमांकावर आहे ते पाहावे आणि तो रोजचा आधार करू नये. चहासोबतची बिस्किटे, टोस्ट, कुरमुऱ्यांची पाकिटे यांनी भूक मरते, पोषण होत नाही.

वजनाची रेघ

घरातले मत आणि शेजारचे मत यांपेक्षा माता-बाल संरक्षण कार्डावरची वजनाची रेघ जास्त खरे बोलते. लसीकरणाला जाताना, मग ते कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात असो, डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात, वजन करून ते कार्डावर नोंदवून घ्यावे. रेघ दोन महिने आडवी राहिली, बाळाचे तळहात आणि पापणीची आतली बाजू फिकी दिसली, बाळ माती किंवा भिंतीचा चुना खाऊ लागले, तर वाट पाहू नये.

सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या मुलांसाठी सरकारी केंद्रात लोह आणि फॉलिक ॲसिडचे औषध मोफत मिळते, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. सोसायटीत राहणाऱ्यांनी ते ‘आपल्यासाठी नाही’ असे समजू नये. अंगणवाडीतला घरपोच आहारही सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठीच आहे. घरात थॅलेसेमियाचा इतिहास असेल तर मात्र तपासणी केल्याशिवाय लोह सुरू करू नये. सिंधी, पंजाबी, कच्छी लोहाणा समाजांत त्याचे वाहक अधिक आढळतात आणि उल्हासनगर-कल्याण पट्ट्यात ही कुटुंबे बरीच आहेत.

जुलाब झाले तर अन्न बंद करू नये. ओआरएस, १४ दिवस झिंक आणि थोडे थोडे खिमट चालू ठेवावे. बरे झाल्यावर दोन आठवडे दिवसातून एक जेवण वाढवावे. गमावलेले वजन त्यातूनच भरून येते. बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, काहीच पीत नसेल तर लगेच रुग्णालय गाठावे.

हे सगळे रोज सकाळी साडेपाचला आठवत बसणे कुणालाच जमणार नाही. त्यासाठी रविवारचा एक तास पुरे. अर्धा किलो तांदूळ आणि पाव किलो मूगडाळ भाजून भरड करायची. शनिवारी रात्री भिजवलेली नाचणी फडक्यात बांधायची. कूट बारीक करून बरणीत भरायचा. आठवड्याच्या चिठ्ठीवर वेळा लिहून ती फ्रिजवर लावायची. सोमवारी कुकरमध्ये एक छोटी वाटी जास्त ठेवायची, एवढेच. गाडी आपल्या वेळेने सुटेल. बाळाची वाटी त्याआधी भरलेली असेल आणि त्यात चमचा सहज ओघळणार नाही इतके घट्ट काहीतरी असेल.